सजीवांमधील वहन, आरोग्य आणि रोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठ्यपुस्तकात वहन आणि रोग ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. वाचकांचे प्रश्न मात्र बहुधा त्या दोहोंच्या सीमेवरचे असतात. ते स्वाभाविकही आहे, कारण पुष्कळ रोग शरीरातील वहनाची वाट अडल्यामुळे होतात आणि उरलेल्यांपैकी अनेक त्याच वाटांनी पसरतात. म्हणून येथे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. एखाद्या उत्तराचा आधार दुसऱ्या उत्तरात असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आरोग्य म्हणजे रोग नसणे, एवढेच ना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या पूर्णपणे सुस्थितीत असणे होय. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर निरोगी माणूस सापडणे कठीण, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने अधिक उपयोगी कसोटी समतोल राखण्याच्या क्षमतेची आहे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो, आणि जेवणानंतर वाढलेली साखर किंवा जिना चढल्यावर वाढलेली नाडी थोड्या वेळात पूर्वपदावर येते. हे पूर्वपदावर येणे मंदावले किंवा थांबले की, लक्षणे दिसत नसली तरी, रोगाची सुरुवात झालेली असू शकते.

२. रोगांचे संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य असे दोनच प्रकार मानणे पुरेसे आहे का?

सुरुवातीला पुरेसे आहे, पण सीमारेषा समजते तितकी स्पष्ट नाही. धनुर्वात जीवाणूमुळे होतो, तरीही तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. जीवाणूचे बीजाणू मातीतून जखमेत शिरतात. उलट, जठरव्रण हा दीर्घकाळ ताणतणावाचा आणि आम्लाचा आजार समजला जात असे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८० च्या दशकात त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो हे दाखवले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो, म्हणूनच त्याविरुद्ध लस देता येते. थोडक्यात, रोग कशामुळे होतो आणि तो कसा पसरतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

३. अमीबाला रक्त लागत नाही, मग आपल्याला का लागते?

या प्रश्नाचे उत्तर अंतराच्या गणितात आहे. पदार्थाचे कण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरतात, त्याला विसरण म्हणतात. थोड्या अंतरावर विसरण अतिशय जलद असते, पण लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट होतो. पाण्यातून ऑक्सिजनला एका पेशीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे अंतर कापायला सेकंदाचा किरकोळ अंश पुरतो. एक मिलिमीटरला सुमारे चार मिनिटे लागतात, एक सेंटिमीटरला सुमारे सात तास, आणि छातीपासून पायापर्यंतच्या एका मीटरला जवळजवळ आठ वर्षे.

अमीबाचे सारे शरीर एका पेशीचे असल्याने त्याचे काम भागते. चपटे कृमी बहुपेशीय असूनही रक्ताविना जगतात, कारण त्यांची कोणतीही पेशी पृष्ठभागापासून किंवा आतड्याच्या फाट्यांपासून फार दूर नसते. शरीर जाड झाले की पदार्थ ढकलत नेणारी व्यवस्था अपरिहार्य ठरते. मात्र त्या व्यवस्थेने विसरण हद्दपार होत नाही. रक्त ऑक्सिजनला पेशीच्या अगदी जवळ आणून सोडते आणि शेवटचा टप्पा विसरणानेच पार पडतो. म्हणूनच आपल्या बहुतेक पेशी कोणत्या ना कोणत्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही जवळ असतात.

४. विसरण, परासरण आणि सक्रिय वहन यांत नेमका फरक काय?

पहिल्या दोहोंत पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही, तिसऱ्यात लागते. अर्धपार्य (पाणी जाऊ देणाऱ्या, पण विरघळलेले पदार्थ अडवणाऱ्या) पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते, ते परासरण. तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुटतात, आणि दाट मिठाच्या पाण्यात आकसतात. शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्के ठेवतात ते यामुळेच. सक्रिय वहनात पदार्थ प्रवाहाविरुद्ध, म्हणजे कमी संहतीकडून जास्त संहतीकडे नेला जातो. आपल्या पेशींच्या पटलावरील एक प्रथिन प्रत्येक फेरीत सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकते आणि पोटॅशिअमचे दोन आत घेते, आणि शरीर विश्रांती घेत असतानाही या कामावर बरीच ऊर्जा खर्च होते.

जुलाबात दिले जाणारे जलसंजीवनीचे द्रावण याच यंत्रणेवर चालते. आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडिअम जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. पटकीत शरीरातून पाणी वेगाने बाहेर जात असले तरी हे प्रथिन शाबूत राहते, त्यामुळे साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असलेले द्रावण शोषले जाते. साखर येथे केवळ शक्तीसाठी नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

५. रोहिणीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध रक्त असते, हे बरोबर आहे का?

नाही. हृदयापासून दूर जाणारी वाहिनी ती रोहिणी (धमनी), आणि हृदयाकडे येणारी ती शिरा. रक्तात ऑक्सिजन किती आहे यावर हे ठरत नाही. फुप्फुस-रोहिणी कमी ऑक्सिजनचे रक्त फुप्फुसांकडे नेते आणि फुप्फुस-शिरा भरपूर ऑक्सिजनचे रक्त हृदयाकडे आणतात. गर्भाच्या नाळेतही तसेच असते: वारेतून ऑक्सिजन घेऊन येणारी वाहिनी शिरा असते.

शिवाय शिरांतील रक्त ऑक्सिजनविरहित नसते. विश्रांतीच्या स्थितीत रोहिण्यांतील हिमोग्लोबिन सुमारे ९७ ते ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते, तर हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही ते सुमारे ७५ टक्के भरलेले असते. हा शिल्लक साठा व्यायामाच्या वेळी उपयोगी पडतो.

आणखी एक अपवाद यकृताचा आहे. आतड्यातून निघणारी यकृत-द्वार शिरा थेट हृदयाकडे न जाता यकृतात पुन्हा केशवाहिन्यांत विभागली जाते, त्यामुळे पचलेले अन्न आणि त्यासोबतची विषारी द्रव्ये आधी यकृतातून जातात. तोंडाने घेतलेल्या काही औषधांचा बराच भाग रक्ताभिसरणात पोहोचण्याआधीच निकामी होतो, तो याच मार्गामुळे.

६. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात, म्हणजे आतले रक्त निळे असते का?

माणसाचे रक्त नेहमी लालच असते. ऑक्सिजन कमी असेल तर ते गडद लाल होते. निळेपणा हा त्वचेतून प्रकाश कसा शोषला आणि परावर्तित केला जातो, याचा परिणाम आहे. खरोखर निळे रक्त ऑक्टोपस, खेकडे आणि त्यांच्या काही नातलगांत असते, कारण त्यांचे ऑक्सिजनवाहक प्रथिन लोहाऐवजी तांब्यावर आधारलेले असते. अंटार्क्टिक समुद्रातील हिममाशांच्या रक्तात तर हिमोग्लोबिनच नसते. अतिथंड पाण्यात विरघळलेला भरपूर ऑक्सिजन आणि शरीराच्या मानाने मोठे हृदय यांवर ते जगतात.

७. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हिमोग्लोबिनच वाहून नेते का?

ऑक्सिजनच्या बाबतीत जवळजवळ होय: सुमारे ९८ टक्के ऑक्सिजन हिमोग्लोबिनशी जोडलेला असतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग, सुमारे ७० टक्के, रक्तात बायकार्बोनेटच्या रूपाने जातो. उरलेल्यापैकी बराचसा हिमोग्लोबिनशी जोडलेला आणि थोडा तसाच विरघळलेला असतो. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन हिमोग्लोबिनच्या एकाच जागेसाठी भांडतात, हा समज चुकीचा आहे. त्यांच्या जोडण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

त्या जागेसाठी खरी स्पर्धा कार्बन मोनॉक्साइड करतो. तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि अशा रक्ताचा रंग लालच राहत असल्याने ओठ निळे पडत नाहीत. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही या दोहोंतला फरक ओळखू शकत नाही. बंद खोलीत कोळसा किंवा शेगडी जळत ठेवणे जीवघेणे ठरते ते यामुळे.

८. झुरळाचे रक्त पांढरट असते. ते ऑक्सिजन कसे नेते?

नेतच नाही. कीटकांच्या शरीरात हवा श्वासरंध्रांतून आत येते आणि शाखा फुटत गेलेल्या बारीक श्वासनलिकांनी थेट पेशींपर्यंत पोहोचते. त्यांचे रक्त अन्न, संप्रेरके आणि उत्सर्ग वाहण्याचे काम करते, आणि ते वाहिन्यांत बंदिस्त नसल्याने अवयव त्यात बुडालेले असतात.

९. हृदय सतत रक्ताने भरलेले असते, मग हृदयाच्या स्नायूला वेगळ्या रोहिण्या कशाला?

कारण माणसाच्या डाव्या निलयाची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते, आणि आतल्या रक्तातून विसरणाने ऑक्सिजन त्या जाडीत पोहोचायला किती वेळ लागेल ते प्रश्न ३ मध्ये आले आहे. आतल्या रक्ताचा फायदा फक्त सर्वांत आतल्या पातळ थराला होतो. बेडकाच्या हृदयाची भिंत सच्छिद्र असल्याने तिचे बरेचसे काम आतल्या रक्तावरच भागते, पण आपले भागत नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या या परिहृद रोहिण्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. पुष्कळांची अशी कल्पना असते की तो हळूहळू वाढत जाऊन नळी पूर्ण बंद होते आणि मग झटका येतो. बहुतेक वेळा तसे होत नाही. थरावरचे आवरण अचानक फुटते, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि ती गुठळी काही मिनिटांत वाट बंद करते. त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत कसलाही त्रास नसलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो, आणि त्यामुळेच गुठळी विरघळवणारे किंवा वाट मोकळी करणारे उपचार जितके लवकर मिळतील तितका अधिक स्नायू वाचतो.

१०. लसिका म्हणजे काय, आणि ती नसली तर काय बिघडते?

केशवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेला सगळाच द्रव परत रक्तात येत नाही. दिवसाला सुमारे तीन लिटर द्रव मागे उरतो, आणि तो गोळा करून पुन्हा शिरांत सोडणारे जाळे म्हणजे लसिकासंस्था. तिला हृदयासारखा पंप नसतो. स्नायूंची हालचाल, वाहिन्यांचे आकुंचन आणि झडपा यांवर तिचा प्रवाह चालतो. वाटेतल्या लसिकाग्रंथींत पांढऱ्या पेशी त्या द्रवातील रोगकारक तपासतात, म्हणून घशाला संसर्ग झाला की मानेत गाठी येतात.

ही वाट अडली की सूज येते. हत्तीरोगात वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हे कृमी लसिकावाहिन्यांत राहून त्यांची हानी करतात. हे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली दाखवले. कीटकामार्फत रोग पसरतो या कल्पनेला मिळालेला तो पहिला भक्कम आधार होता.

११. झाडाला हृदय नाही, तर पाणी शंभर मीटर उंचीवर कसे चढते?

ते वरून ओढले जाते. पानांच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, पानातील पेशींच्या भिंती कोरड्या होऊ लागतात, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्याने जलवाहिन्यांतील अखंड स्तंभ मुळापर्यंत वर खेचला जातो. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली हा सिद्धान्त मांडला. त्याआधीची स्पष्टीकरणे अपुरी पडत होती: वातावरणाचा दाब पाण्याचा स्तंभ सुमारे दहा मीटरच उचलू शकतो, आणि केशाकर्षण तर त्याहूनही कमी. मुळांचा दाब असतो हे खरे, आणि पहाटे गवताच्या टोकांवर दिसणारे काही थेंब दव नसून त्या दाबाने बाहेर आलेले पाणी असते; परंतु कॅलिफोर्नियातील ११५ मीटरांहून उंच रेडवुड वृक्षाचा शेंडा भिजवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

या व्यवस्थेतला सर्वांत सुंदर भाग मला असा वाटतो की ती मृत पेशींवर उभी आहे. जलवाहिन्यांच्या पेशी पक्व होताच मरतात आणि त्यांच्या पोकळ, भक्कम भिंती मागे राहतात. ताणलेला स्तंभ कधीकधी तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा तयार होतो. तो शेजारच्या नळीत सहजी शिरू शकत नाही आणि पाणी बाजूच्या छिद्रांतून वळसा घालून पुढे जाते. तीव्र अवर्षणात मात्र असे बुडबुडे इतके वाढतात की झाड आतून तहानेने मरते.

१२. खोडाची साल गोलाकार काढली तर झाड मरते, पण आतून पोकळ झालेले झाड जगते. असे का?

पानांत तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या बाजूस असतात. साल गोल काढली की मुळांना अन्न मिळत नाही. पाने काही काळ हिरवी राहतात, कारण पाण्याची वाट शाबूत असते, पण मुळे उपाशी मरतात आणि त्यांच्यामागून झाड. खोडाच्या मध्यभागी असलेले जुने लाकूड वहन करत नाही, म्हणून ते कुजून गेले तरी वहन थांबत नाही. फक्त झाड वाऱ्यात मोडण्याचा धोका वाढतो. नारळ, खजूर यांसारख्या एकदल वृक्षांना हा नियम तसाच लागू होत नाही, कारण त्यांच्या वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात. रसवाहिन्यांतील प्रवाह नेहमी खालीच जातो असेही नाही: साखर जेथे तयार होते किंवा साठलेली असते तेथून ती जेथे लागते तेथे जाते, मग ते मूळ असो वा वरचे फळ.

१३. वनस्पतींनाही रोग होतात. त्यांना प्रतिकारशक्ती असते का?

असते, पण रक्तातून फिरणाऱ्या पेशी किंवा प्रतिपिंडे त्यांच्याकडे नसतात. प्रत्येक पेशी स्वतःपुरता बचाव करते, आणि संसर्ग झालेल्या जागेभोवतीच्या पेशी अनेकदा स्वतःच मरून रोगाची कोंडी करतात. वहनाच्या वाटांवरच हल्ला करणारे रोग त्यामुळे विशेष घातक ठरतात. मर रोगातील फ्युजेरिअम कवक जलवाहिन्या बंद करते, म्हणून जमीन ओली असतानाही रोप सुकते. मावा आणि तुडतुडे रसवाहिन्यांतून रस शोषताना अनेक विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

१४. ताप हा रोग आहे की लक्षण?

लक्षण आहे, आणि बहुतेक वेळा शरीराने हेतुपूर्वक घडवलेले. संसर्ग झाल्यावर पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या द्रव्यांमुळे मेंदूतील अधश्चेतक हा भाग तापमानाची ठरलेली पातळी वर नेतो. त्या पातळीला पोहोचेपर्यंत थंडी वाजते. पॅरासिटामॉल ही पातळी खाली आणते, मूळ रोगावर तिचा परिणाम होत नाही. उष्माघाताचे गणित वेगळे आहे: तेथे पातळी वाढलेली नसते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, म्हणून तापाची गोळी निरुपयोगी ठरते आणि शरीर बाहेरून थंड करणे हाच तातडीचा उपाय असतो.

१५. सर्दीवर प्रतिजैविके का चालत नाहीत?

सर्दी विषाणूंमुळे होते, आणि प्रतिजैविके जीवाणूंच्या ज्या भागांवर घाव घालतात ते भाग विषाणूंत नसतात. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही. विषाणूला ती नसतेच. मायकोप्लाझ्मा या जीवाणूलाही पेशीभित्तिका नसते, त्यामुळे त्याच्यावर पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि वेगळे औषध द्यावे लागते. “माझ्या शरीराला अमुक औषधाची सवय झाली” असे लोक म्हणतात, पण औषधाला दाद न देणारे होतात ते जीवाणू. असे जीवाणू दुसऱ्या माणसात जाऊ शकतात, म्हणून ज्याने ते औषध कधीच घेतलेले नाही त्याच्यावरही ते निष्प्रभ ठरू शकते.

१६. काही लशी आयुष्यभर पुरतात, काही दर वर्षी घ्याव्या लागतात. असे का?

गोवराच्या विषाणूचे प्रतिजन, म्हणजे ज्यांवरून प्रतिकारसंस्था त्याला ओळखते ते भाग, फारसे बदलत नाहीत, फ्लूच्या विषाणूचे सतत बदलतात. त्यामुळे प्रतिकारसंस्थेची जुनी ओळख पुढच्या हंगामात अपुरी पडते. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९८० साली जाहीर होऊ शकले, कारण लस प्रभावी होती आणि तो विषाणू माणसाशिवाय कोणत्याही प्राण्यात राहत नव्हता. धनुर्वाताचे तसे होणार नाही, कारण त्याचे बीजाणू मातीत कायम असतात. धनुर्वातातून बरे झालेल्यालाही लस घ्यावी लागते, कारण रोग घडवायला पुरेसे असलेले विष इतके अल्प असते की प्रतिकारसंस्था त्याची ओळख ठेवत नाही.

१७. रेबीजची लस प्राणी चावल्यानंतर देऊन कशी उपयोगी पडते?

अनेक रोगकारक शरीरात रक्तातून पसरतात, रेबीजचा विषाणू मात्र तसा पसरत नाही. तो चेतातंतूंत शिरतो आणि त्यांच्या आतील वहनव्यवस्थेचा वापर करून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारणपणे काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत लशीमुळे प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. लुई पाश्चर यांनी १८८५ साली माणसावर केलेला पहिला उपचार याच अवधीवर आधारलेला होता. जखम चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर अंतर कमी आणि धोका जास्त असतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस घेणे आणि जखम खोल असल्यास तयार प्रतिपिंडे टोचून घेणे यांत एकही दिवस घालवू नये, कारण लक्षणे सुरू झाल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो.

१८. डास हिवताप पसरवतो, मग एचआयव्ही का पसरवत नाही?

डास एका माणसाचे रक्त दुसऱ्यात टोचत नाही. तो रक्त एका नळीने शोषतो आणि लाळ दुसऱ्या नळीने सोडतो. हिवतापाचा परजीवी डासाच्या जठराच्या भिंतीत वाढतो आणि सुमारे दोन आठवड्यांत लाळग्रंथींत पोहोचतो. भिंतीतील ही अवस्था रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली पाहिली. एचआयव्हीला डासाच्या शरीरात वाढता येत नाही आणि तो रक्ताबरोबर पचून जातो.

१९. जन्मजात आणि आनुवंशिक हे एकच आहे का?

नाही. गरोदरपणात आईला रुबेला झाल्यामुळे बाळाला होणारा हृदयदोष जन्मजात असतो, पण आनुवंशिक नसतो. हंटिंग्टनचा रोग (मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा विकार) आनुवंशिक असतो, पण बहुधा मध्यमवयात प्रकट होतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदलते. त्यामुळे तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि नेहमीच्या १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात. आई आणि वडील दोघांकडून हे जनुक आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस सहसा निरोगी राहतो, शिवाय त्याला गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते या कारणाने.

२०. कर्करोग एकापासून दुसऱ्याला होऊ शकतो का?

माणसांत, रोजच्या सहवासातून नाही. एखाद्याच्या कर्कपेशी दुसऱ्याच्या शरीरात गेल्या तरी प्रतिकारसंस्था त्यांना परके म्हणून नष्ट करते. प्रश्न २ मध्ये उल्लेखिलेल्या कर्करोगात विषाणू पसरतो, कर्कपेशी नव्हेत. अवयव प्रत्यारोपणातून दात्याच्या कर्कपेशी गेल्याची विरळ उदाहरणे आहेत, आणि त्यांत प्रतिकारसंस्था औषधांनी दाबलेली असते. प्राण्यांत मात्र खरोखर संसर्गजन्य कर्करोग आढळतात. टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या चेहऱ्यावरील गाठी १९९६ साली प्रथम नोंदल्या गेल्या. हे प्राणी भांडताना एकमेकांना चावतात आणि जिवंत कर्कपेशी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कुत्र्यांत असा एक कर्करोग समागमातून पसरतो, आणि काही शिंपल्यांत तो समुद्राच्या पाण्यातून पसरतो.